विश्वांच्या मधली लाल जागा : ‘ब्लीड’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सुपरहिरो कॉमिक्स वाचणारी मराठी पोरं कमी नाहीत. कॉमिक्स इंग्रजीत असतात, शंका मात्र मराठीत येतात. त्यातल्या नेहमीच्या शंका इथे घेतल्या आहेत. शेवटचे काही प्रश्न स्वतःची कॉमिक काढू पाहणाऱ्यांसाठी आहेत. नुसतं वाचायचं असेल तर तिथपर्यंत आलं नाही तरी चालेल.

ब्लीड म्हणजे नेमकं काय?

डीसी आणि वाइल्डस्टॉर्म या अमेरिकन प्रकाशनांच्या कॉमिक्समध्ये एक विश्व नसतं, पुष्कळ असतात, आणि प्रत्येकात आपापली पृथ्वी असते. या विश्वांच्या मधे जी जागा आहे ती ब्लीड. कल्पना वॉरन एलिस या लेखकाची. वाइल्डस्टॉर्मच्या ‘स्टॉर्मवॉच’मध्ये ती आली आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘द ऑथॉरिटी’त, ब्रायन हिचच्या चित्रांमधून, वाचकांच्या डोक्यात पक्की बसली. वाइल्डस्टॉर्म डीसीने विकत घेतल्यामुळे पुढे सुपरमॅनसुद्धा याच लाल जागेतून फिरू लागला.

म्हणजे दोन विश्वांची सीमाच की?

नाही, आणि हा घोळ आपल्या भागात जरा जास्तच होतो. वेंगुर्ले रस्त्याने शिनोळीला जाताना पाट्यांवरची कानडी जाते आणि मराठी येते. पण कर्नाटक संपलं आणि महाराष्ट्र सुरू झाला, यांच्या मधे उभं राहायला वीतभर जागा नसते. सीमेला जाडी नसते. ब्लीडला आहे. त्यात जहाजं चालतात, काही जण तिथे मुक्कामाला असतात, आणि एकदा आत शिरलं की कुठल्याच विश्वाचे नियम पूर्णपणे लागू नसतात. कथेच्या दृष्टीने सगळी गंमत या जाडीत आहे.

दोन पृथ्व्या एकाच जागी असतात असंही वाचलंय. मग मधे जागा कुठून आली?

ही कल्पना ब्लीडपेक्षा बरीच जुनी. ‘द फ्लॅश’, अंक १२३, सप्टेंबर १९६१. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कारमाइन इन्फँटिनो. फ्लॅश, म्हणजे बॅरी अ‍ॅलन, मुलांसमोर दोरीची जादू दाखवताना अंग इतक्या वेगाने कंप पाववतो की गायबच होतो आणि सेंट्रल सिटीऐवजी कीस्टोन सिटीत निघतो. तिथे त्याला भेटतो जुना फ्लॅश, जे गॅरिक. तोवर बॅरीने त्याला फक्त कॉमिकच्या पानांत पाहिलेलं असतं. फॉक्सने मांडलेला नियम असा : दोन्ही पृथ्व्या एकाच ठिकाणी आहेत, पण त्यांच्या कंपनांची गती वेगळी आहे, म्हणून त्या एकमेकींना दिसत नाहीत.

म्हणजे दुसऱ्या पृथ्वीवरचं बेळगाव लांब कुठे नाही, किल्ल्याचा खंदक आहे तिथेच आहे. फरक अंतरात नाही, कंपनात आहे. ब्लीडची जाडीही किलोमीटरमध्ये मोजायची नसते. ग्रँट मॉरिसन या लेखकाने पुढे हीच विश्वं गोळ्यांसारखी मांडून दाखवली आणि ब्लीडमध्ये तरंगत ठेवली. ‘एकाच जागी’ आणि ‘शेजारी शेजारी’ ही दोन्ही चित्रं डीसीत नांदतात. ती जुळवत बसू नका. ज्या अंकात जे चित्र आहे ते त्या अंकापुरतं खरं माना.

एकूण विश्वं किती?

कुठल्या सालचा अंक हातात आहे त्यावर ठरतं. १९८५ पर्यंत अनंत. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ (१९८५-८६, १२ अंक, मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ) संपता संपता एकच. २००७ मध्ये ‘५२’ या साप्ताहिक मालिकेच्या शेवटी बावन्न. २०२१ पासून पुन्हा अमर्याद. वाद घालायच्या आधी समोरच्याला साल विचारावं, अर्धे वाद तिथेच मिटतात.

ब्लीड लालच का दाखवतात?

‘क्रायसिस’मध्ये विश्वं मरायला लागतात तेव्हा आकाश लाल होतं. तेव्हापासून डीसीच्या वाचकाला लाल आभाळ दिसलं की कळतं, विश्वांची काहीतरी भानगड सुरू झाली. ब्लीडचा लाल त्या ओळखीवर आयताच बसला. त्या काळात काही मालिकांनी मूळ कथेशी काडीचाही संबंध न ठेवता नुसतं एखाद्या चौकटीत आभाळ लाल करून ‘आमचा अंकही क्रायसिसचाच’ असं मिरवलं. जुने वाचक अशा अंकांना अजून ‘लाल आभाळवाले’ म्हणून हिणवतात, आणि ते योग्यच आहे.

आत काय असतं? नुसती पोकळी?

पोकळी अजिबात नाही. ‘फायनल क्रायसिस : सुपरमॅन बियाँड’ (२००८-०९, दोन अंक) मध्ये मॉरिसनने ब्लीडला जवळजवळ द्रवच केलं. विश्वांना पोसणारा रस म्हणा. त्याचा थेंब मरणाऱ्याला वाचवू शकतो, आणि सुपरमॅन या प्रवासाला निघतो तो बायकोसाठी, लोइससाठी. पण जिथे रस आहे तिथे तो पिणारेही आलेच. विश्वांवर देखरेख ठेवणारे मॉनिटर हेच आतून रक्तपिपासू जात निघतात, आणि त्यांच्यातला सगळ्यात भयंकर तो मँड्रॅक. राखणदारच चोर, ही त्या कथेची खरी मेख.

एक सूचना : हे दोन अंक लाल-निळ्या चष्म्याने बघायच्या त्रिमित पानांसह आले होते. जुनी प्रत घेताना आत चष्मा आहे का ते विचारा. नाहीतर काही पानं दुहेरी रेघांची दिसतात आणि छपाईच बिघडली असं वाटतं.

पलीकडे जायचे मार्ग कोणते?

मुख्य चार, आणि प्रत्येकाची किंमत वेगळी.

पहिला कंपनाचा. फ्लॅशसारख्या वेगवानालाच जमतो. स्वतःचं कंपन पलीकडच्या विश्वाशी जुळवायचं की झालं. नेम अचूक साधायला बॅरीकडे कॉस्मिक ट्रेडमिल आहे. ती ‘द फ्लॅश’च्या अंक १२५ मध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा कालप्रवासासाठी. या मार्गात ब्लीड लागतं, पण दिसत नाही.

दुसरा जहाजाचा. ‘ऑथॉरिटी’ या नायकांच्या टोळीचं कॅरियर हे जहाज ब्लीडमधेच असतं आणि तेच त्यांचं घर. इंधन म्हणून आत एक पिल्लू विश्व कोंडलेलं आहे. यावर जरा थांबून विचार करा. सगळ्या पृथ्व्यांच्या वतीने न्याय करणारी माणसं एक अख्खं विश्व इंजिनात डांबून फिरतात. एलिसने ते सहज सांगून टाकलंय, पण त्या मालिकेतल्या नायकांबद्दल यापेक्षा बोचरं वाक्य नसेल.

तिसरा दाराचा. जहाजावरचा माणूस ‘डोअर’ म्हणतो, हवेत उजळ चौकट उघडते, पाय टाकला की इच्छित ठिकाणी. वाचायला झकास, लिहायला धोक्याचा. दार फुकट असेल तर कोणी अडकत नाही, आणि कोणी अडकत नाही तिथे ताणही नाही.

चौथा नादाचा. ‘द मल्टिव्हर्सिटी’त (२०१४-१५) प्रत्येक विश्वाचा स्वतःचा सूर आहे. तो लावला की वाट मिळते. वेगवेगळ्या विश्वांतले नायक जमतात त्या हाउस ऑफ हिरोजमधल्या यंत्राचं नाव म्हणूनच ट्रान्समॅटर सिम्फॉनिक अ‍ॅरे. १९६१ चं कंपनच इथे संगीत होऊन परत आलं आहे.

प्रवासात बिघडतं ते काय, आणि का?

सगळ्यात साधं म्हणजे नेम चुकणं. कंपन किंचित हललं तरी शेजारच्या पृथ्वीवर उतरता. ती इतकी सारखी असते की चूक कळायलाच वेळ जातो. आपल्या घरात आपणच आधीपासून बसलेले दिसलो की मग कळतं.

दुसरं, मार्ग दोन्ही बाजूंनी उघडतो. ‘ऑथॉरिटी’च्या अंक ५ ते ८ मध्ये स्लायडिंग अल्बियन या पृथ्वीवरून शिफ्टशिप, म्हणजे विश्वांमधून फिरणारी जहाजं, घेऊन फौजच येते. तुम्ही जाऊ शकता तर तेही येऊ शकतात, हे नवे लेखक हटकून विसरतात.

तिसरं, जहाज बुडणं. एलिसच्याच ‘प्लॅनेटरी’च्या चौथ्या अंकात ब्लीडमधून आपटलेलं शिफ्टशिप शहराच्या पोटात गाडलेलं सापडतं. चालक नसलेलं जहाज ज्या विश्वात पडलं तिथेच राहतं. स्वतःहून घरी जात नाही.

आणि शेवटचं, मधली जागाच संपणं. ‘क्रायसिस’मध्ये प्रतिद्रव्याची पांढरी लाट एकामागून एक विश्व पुसत येते. उरलेल्या पृथ्व्या एकमेकींत शिरू लागतात, काळाचे तुकडे मिसळतात. मधलं अंतर गेलं की दोन्हीकडचं काहीच धड राहत नाही.

नकाशात ब्लीड कुठे येतं?

‘मल्टिव्हर्सिटी’च्या वेळी मॉरिसन आणि रायन ह्यूज यांनी काढलेला गोल नकाशा बघा. मधोमध बावन्न पृथ्व्यांची रचना, ऑररी ऑफ वर्ल्ड्स. त्या पृथ्व्या ज्यात तरंगतात ते ब्लीड. त्याला वेढा घालणारी स्पीड फोर्सची (फ्लॅशसारख्या वेगवानांच्या शक्तीची) भिंत. त्यापलीकडे देवांचं वर्तुळ, त्यात न्यू जेनेसिस, अपोकोलिप्स, स्वर्ग, नरक वगैरे. आणखी बाहेर मॉनिटरांचं वर्तुळ, आणि सगळ्याला कुंपण घालणारी सोर्स वॉल. बावन्नपैकी सात पृथ्व्या मुद्दाम कोऱ्या सोडल्या आहेत. मोबाइलवर हा नकाशा वाचायचा नाद सोडा, अक्षरं मुंगीएवढी दिसतात. आडवा टॅब किंवा छापील पान, दोनच मार्ग.

‘स्नोफ्लेक’ आणि ते १,९६,८३३ काय प्रकरण आहे?

‘प्लॅनेटरी’च्या पहिल्याच अंकात सगळ्या विश्वांचा मिळून आकार हिमकणासारखा दाखवला आहे, १,९६,८३३ मितींत फिरणारा. खऱ्या गणितात ‘मॉन्स्टर’ नावाच्या समूहाशी जोडलेली मितींची संख्या १,९६,८८३ आहे. ३ आणि ८ ची जागा बघा. गणिताच्या मास्तरांना हा अंक दाखवणार असाल तर तयारीत राहा.

मार्व्हलमध्ये ब्लीड आहे का?

त्या नावाने नाही. जोनाथन हिकमनच्या ‘न्यू अ‍ॅव्हेंजर्स’च्या काळात (२०१३-१५) विश्वांमधल्या जागेला सुपरफ्लो म्हटलं आहे. पण हिकमनला जागेपेक्षा टकरीत रस. दोन विश्वं एकमेकांवर आदळायला लागतात, तीही नेमकी पृथ्वीच्या ठिकाणी. त्याला इन्कर्जन म्हणतात. दुसरी पृथ्वी आकाशात दिसू लागल्यापासून आठ तास हातात. त्यात एक पृथ्वी नष्ट केली तर दोन्ही विश्वं वाचतात. काहीच केलं नाही तर दोन्ही जातात. आभाळ इथेही लाल. ही मोजकी, निर्दय घडी आम्हाला डीसीच्या कुठल्याही लाटेपेक्षा भारी वाटते, कारण इथे नायकांना उत्तर माहीत असतं आणि ते करवत नसतं. शेवट ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये (२०१५-१६, ९ अंक).

डॉक्टर स्ट्रेंजच्या २०२२ च्या सिनेमात ‘गॅप जंक्शन’ येतं, तीही विश्वांच्या मधलीच जागा. तिथे मुक्काम फार थोडा.

स्पीड फोर्स, फँटम झोन, निगेटिव्ह झोन म्हणजेच ब्लीड का?

तिन्ही नाही. स्पीड फोर्स हा वेगवानांच्या शक्तीचा स्रोत. फँटम झोन हा क्रिप्टॉनचा तुरुंग. निगेटिव्ह झोन मार्व्हलचा, आणि ते स्वतःच एक प्रतिद्रव्याचं विश्व आहे, दोन विश्वांमधली फट नव्हे.

वाचायला सुरुवात कुठून करू?

प्रकाशनाच्या क्रमाने सगळं वाचायला गेलात तर ‘क्रायसिस’च्या मध्यावर दम लागेल. पात्रांची गर्दीच तेवढी आहे. आधी ‘फ्लॅश’ १२३ हा एकच अंक. मग थेट ‘ऑथॉरिटी’ १ ते १२. ब्लीड आवडलं तर ‘प्लॅनेटरी’चे २७ अंक, सावकाश. त्यानंतर ‘क्रायसिस’, आणि शेवटी ‘सुपरमॅन बियाँड’ व ‘मल्टिव्हर्सिटी’चे ९ अंक. ‘सुपरमॅन बियाँड’ ‘फायनल क्रायसिस’शिवाय वाचू नका, निम्मं डोक्यावरून जाईल. ‘ऑथॉरिटी’ लहान मुलांच्या हातात देऊ नये, हिंसा भरपूर आहे. ऑनलाइन मागवताना खंड क्रमांक नीट बघा. एकाच मालिकेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत ‘खंड १’मध्ये वेगवेगळे अंक बांधलेले असतात.

आमच्या कॉमिकमध्ये बेळगाव महाराष्ट्रात असलेली पृथ्वी दाखवायची आहे. कशी बांधू?

हा प्रश्न येणारच होता. कर्नाटकात राहिलेली पृथ्वी आपली, तर दुसरीवर फाटा फुटायची तारीख एकच धरा : १ नोव्हेंबर १९५६, राज्य पुनर्रचनेचा दिवस. त्या दिवशी तत्कालीन मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तुमच्या पृथ्वीवर ते गेलं नाही, बस्स. त्याआधीचं सगळं दोन्हीकडे सारखं : किल्ला, कपिलेश्वर, ब्रिटिशांचा कॅम्प, टिळकांची भेट. त्यानंतरचा बदल पाटीपाटीतून दाखवा. केए-२२ ची नंबरप्लेट जाते. तिच्या जागी कोल्हापूरचं एमएच-०९ चिकटवू नका, बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा, त्याला स्वतंत्र क्रमांक हवा. स्टँडवर लाल एसटी. सुवर्ण विधानसौध नाही, त्या टेकाडावर नुसतं गवत. २०१४ चं नामांतर झालेलं नाही, म्हणून पाटीवर ‘बेळगाव’च. कुंदा मात्र दोन्हीकडे तोच, नायकाला चूक कळायला उशीर व्हावा म्हणून पहिली चौकट मिठाईच्या दुकानातच ठेवा.

फसतं ते असं : लेखक पलीकडची पृथ्वी स्वर्ग करून टाकतो किंवा नरक. मग ती कथा राहत नाही, भाषण होतं. पलीकडेही कोणीतरी भाषेवरून हिरमुसलेलं असणारच. तिथल्या बेळगावात कानडी बोलणारी आजी काय म्हणते, हे लिहिता आलं तर कॉमिक उभी राहील.

सुपरमॅन, फ्लॅश यांना घेतलं तर चालेल का?

घरच्या वहीत हवं तेवढं. विकायच्या किंवा वाटायच्या अंकात नको. पात्रांची नावं, चेहरे, बोधचिन्हं यांवर कंपन्यांचे हक्क आहेत. विश्वांच्या मधे एक जागा आहे ही कल्पना मात्र कोणाच्या मालकीची नाही. तिला आपलं नाव द्या.

कागदावर ही जागा कशी दाखवू? लाल रंग नीट येत नाही.

सगळ्यात चांगली युक्ती चौकटींमध्ये आहे. नेहमीच्या पानावर दोन चौकटींमधली पांढरी पट्टी साधारण ५ मिलिमीटर असते. पात्र प्रवासाला निघालं की ती पट्टी लाल करा, पुढच्या पानावर रुंद करा, आणि त्यापुढे चौकटीच काढून टाका. वाचकाला न सांगता कळतं की माणूस चौकटीबाहेर पडला.

अंक १६ पानी ए-५ असेल तर ए-४ चे ४ कागद दोन्ही बाजूंनी छापून मधे घडी घालतात. त्यात पान ८ आणि ९ एवढंच जोडपान एका सलग कागदावर येतं. मोठं लाल दृश्य तिथेच टाका. ४-५ किंवा १०-११ वर टाकलंत तर दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात. रेघ जुळत नाही आणि लालही दोन छटांचा येतो.

रंगाच्या फाइलमध्ये मॅजेंटा १०० आणि यलो १०० ठेवा. खोली हवी असेल तर काळा १५-२०, जास्त नाही. ७० जीएसएमच्या कागदावर एवढी शाई पाठीमागे उमटते, १०० जीएसएम घ्या. रंग कडेपर्यंत न्यायचा तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा हवा, म्हणजे १४८ बाय २१० ऐवजी फाइल १५४ बाय २१६. नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. प्रेसमध्ये या जादा पट्टीलाच ब्लीड म्हणतात, तेव्हा ‘ब्लीड लाल करा’ असं सांगून येऊ नका. फक्त झेरॉक्स काढणार असाल तर लाल वापरूच नका. मशीन त्याला गडद करतं आणि वरची काळी रेघ गडप होते. तिथे ठिपके किंवा तिरप्या रेघा बऱ्या.

मराठी आणि कानडी दोन्ही संवाद आहेत. अक्षरं बिघडतात, काय करायचं?

बहुतेक डीटीपीवाल्यांकडे जुने फाँट असतात, मराठीला एक, कानडीला दुसरा. तुमचा युनिकोड मजकूर जुन्या कोरलड्रॉमध्ये चिकटवला की वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटतात. म्हणून फुगे घरीच भरा, मजकुराचं कर्व्हमध्ये (म्हणजे अक्षरांचं नुसत्या आकारांत) रूपांतर करा आणि पीडीएफच द्या. रूपांतरानंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. दोन्ही लिप्या एका फुग्यात असतील तर कानडी अर्धा-एक पॉइंट लहान ठेवा, गोलाईमुळे ती मोठी भासते. प्रूफ एकच मागा, पण पान ८-९ चंच मागा, आणि ते प्रेसच्या ट्यूबलाइटखाली न बघता दारात येऊन उजेडात बघा.